चालण्याजोगी वस्ती आणि आरोग्य : ठाणे व नवी मुंबईतील रहिवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चालण्याजोगी वस्ती म्हणजे नेमके काय?

दूध, भाजी, औषधे, शाळा, दवाखाना, बसथांबा किंवा रेल्वे स्थानक या रोजच्या गरजा ज्या वस्तीत दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहेत, आणि ते अंतर लहान मुलाला, गर्भवतीला, काठी टेकत चालणाऱ्या आजोबांना आणि दोन्ही हातांत पिशव्या असलेल्या माणसाला न घाबरता पार करता येते, ती चालण्याजोगी वस्ती होय. या व्याख्येचा उत्तरार्ध अनेकदा विसरला जातो. भाजीबाजार हाकेच्या अंतरावर असूनही मध्ये सहा पदरी रस्ता असेल आणि तो ओलांडण्याची धड सोय नसेल, तर तो बाजार नकाशावर जवळ असतो, पायांना मात्र दूरच राहतो. याउलट पाऊण किलोमीटरवरचे स्थानक सावलीच्या, सपाट आणि वर्दळीच्या रस्त्याने गाठता येत असेल, तर माणसे तेथवर रिक्षा करण्याचा विचारही करत नाहीत.

मी रोज सकाळी बागेत किंवा तलावाभोवती फेऱ्या मारतो. तेवढे पुरेसे नाही का?

आपण हे करत असाल तर ते अवश्य चालू ठेवावे. ठाण्यातील कचराळी तलाव आणि उपवन, वाशीतील सागर विहार किंवा खारघरचे सेंट्रल पार्क येथे पहाटे दिसणारी गर्दी ही या शहरांची मोठी जमेची बाजू आहे.

तरीही या पानावर भर आहे तो कामाच्या चालण्यावर. व्यायामासाठी चालणे हे निश्चयावर अवलंबून असते. परीक्षांचा हंगाम, लग्नसराई, पाहुणे, रात्रपाळी, चार दिवसांचा ताप यांपैकी काहीही मध्ये आले की ते सुटते, आणि एकदा सुटलेले पुन्हा सुरू व्हायला महिने जातात. कामाच्या चालण्याचे तसे नसते, कारण स्थानक गाठावेच लागते, दळण आणावेच लागते आणि मुलाला शाळेत सोडावेच लागते. ज्या वस्तीत ही कामे पायी होतात तेथील माणसाला व्यायामाची वेगळी शिस्त नसली तरी त्याचे शरीर रोज हलते. शिवाय सकाळची मोकळी वेळ सर्वांच्या वाट्याला येत नाही. पहाटे पाचला उठून डबे भरणाऱ्या आणि सातची लोकल पकडणाऱ्या स्त्रीला तलावाभोवती फेऱ्या मारायला सांगणे म्हणजे तिच्यावर आणखी एक काम लादणे होय. तिला स्थानकापर्यंत नीट चालता येईल असा रस्ता देणे हा अधिक न्याय्य उपाय आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. घरापासून स्थानक दहा मिनिटांवर असेल आणि जाता-येता झपझप चालले, तर दिवसाची 20 आणि सहा दिवसांची 120 मिनिटे होतात. म्हणजे किमान गरजेचा चार-पंचमांश वाटा नोकरीवर जाता-येताच भरून निघतो. मध्यम श्रमाची ओळख सोपी आहे : चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.

चालल्याने शरीरात नेमके काय घडते?

पायांचे स्नायू हे शरीरातील सर्वांत मोठे स्नायू आहेत. ते आकुंचन पावू लागले की रक्तातील साखर स्वतःकडे ओढून घेतात, आणि हे काम काही प्रमाणात इन्सुलिनच्या मदतीशिवायही होते. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तर जेवणानंतरची साखर कमी चढते. आपल्याकडे शतपावलीची जी रीत होती तिच्यामागील अनुभव योग्यच होता, फक्त शंभर पावलांवर न थांबता थोडे पुढे जावे. ही बाब आपल्यासाठी विशेष महत्त्वाची आहे, कारण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष देशात सुमारे 10 कोटी 10 लाख मधुमेही असल्याचे सांगतात.

पोटऱ्यांचे स्नायू चालताना शिरांमधील रक्त वर ढकलतात, त्यामुळे दिवसभर खुर्चीवर किंवा गल्ल्यावर बसणाऱ्यांच्या पायांची सूज कमी होते. नियमित चालण्याने रक्तदाब उतरतो, झोप सुधारते, हाडांवर योग्य भार पडतो आणि मनावरचा ताण हलका होतो.

हे ज्ञान कसे मिळाले तेही सांगण्यासारखे आहे. जेरी मॉरिस या ब्रिटिश संशोधकाने लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास 1953 मध्ये प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढत-उतरत तिकिटे फाडणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, असे त्यांना आढळले. हे कंडक्टर व्यायाम करत नव्हते. त्यांचे कामच त्यांना हलते ठेवत होते, आणि वस्तीकडूनही आपली अपेक्षा नेमकी तीच आहे.

दिवसाला दहा हजार पावले झालीच पाहिजेत का?

नाही. दहा हजारांचा आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आला, वैद्यकीय संशोधनातून नव्हे. वयस्क स्त्रियांवरील 2019 च्या एका अमेरिकी अभ्यासात दिवसाला सुमारे 2,700 पावले चालणाऱ्यांपेक्षा सुमारे 4,400 पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि साधारण 7,500 पावलांनंतर हा फायदा वाढेनासा झाला. एका किलोमीटरला साधारण 1,300 ते 1,400 पावले पडतात. सर्वाधिक लाभ होतो तो अजिबात न चालणारा माणूस थोडे चालू लागतो तेव्हा.

नवी मुंबई तर नियोजनबद्ध शहर आहे. मग येथे चालण्याची अडचण का असावी?

या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल, कारण या नियोजनातच सोय आणि अडचण दोन्ही एकत्र आहेत.

मुंबईचा भार कमी करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी 1960 च्या दशकाच्या मध्यावर मांडली आणि मार्च 1970 मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली, कोपरखैरणे असे नोड, म्हणजे स्वतंत्र उपनगरांसारखे भाग, आखले गेले, त्यांची विभागणी सेक्टरांमध्ये झाली आणि शाळा, मैदाने, दुकाने यांसाठी सेक्टरांतच जागा ठेवल्या गेल्या. या आखणीच्या मुळाशी असलेला विचार जुना आहे. क्लॅरेन्स पेरी या अमेरिकी नियोजकाने 1929 मध्ये असे सुचवले होते की शाळा वस्तीच्या मध्यभागी असावी, घरापासून ती साधारण पाव मैल, म्हणजे 400 मीटरच्या आसपास असावी आणि वाहनांचे मोठे रस्ते वस्तीच्या आतून न जाता कडेने जावेत.

त्यामुळे सेक्टरच्या आत आजही चालणे सुखाचे आहे. नेरूळ किंवा वाशीच्या जुन्या सेक्टरांतील आतल्या रस्त्यांवर झाडे मोठी झाली आहेत आणि वाहने बेताच्या वेगाने जातात. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये तर कोरिया यांनी सात-सात घरे एका लहानशा सामाईक अंगणाभोवती मांडली आणि अशा तीन समूहांचे मिळून पुढे मोठे अंगण केले. घराबाहेर पाऊल टाकताच मोटार नव्हे तर शेजारी भेटावा, अशी ती रचना आहे. चालण्याजोगी वस्ती कशी दिसते हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी तेथे एक संध्याकाळ घालवावी.

अडचण सुरू होते ती कडेला. जे मोठे रस्ते वस्तीच्या कडेने गेले ते कालांतराने भिंती झाले. सायन-पनवेल महामार्ग, ठाणे-बेलापूर रस्ता आणि पाम बीच मार्ग यांनी शहराचे लांबट पट्टे पाडले आहेत. रबाळे, घणसोली किंवा तुर्भे येथे उतरून औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्यांना ठाणे-बेलापूर रस्ता रोज दोनदा ओलांडावा लागतो. शिवाय 1970 च्या दशकात गरजा सेक्टरच्या आत भागतील असे गृहीत धरले होते, परंतु आज मुलाची शिकवणी एका सेक्टरात, दंतवैद्य दुसऱ्यात आणि आईवडिलांचे घर तिसऱ्यात असते. अंतर अर्ध्या किलोमीटरचेच असते, पण मध्ये एक रुंद चौक आणि त्यातून न थांबता वळणारी वाहने असतात, म्हणून गाडी काढली जाते.

जुन्या ठाण्यात रस्ते अरुंद आणि फूटपाथ अपुरे आहेत. तरीही तेथे लोक अधिक का चालतात?

कारण तेथे चालण्याला निमित्त आहे. नौपाडा, राम मारुती रोड, गोखले रोड, जांभळी नाका या भागात इमारतींच्या तळमजल्यावर दुकाने आहेत, गल्ल्या आखूड आहेत आणि दर पन्नास-शंभर पावलांवर वळण्याची सोय आहे. स्थानक, बाजार, कोपिनेश्वराचे मंदिर आणि मासुंदा तलाव ही सर्व ठिकाणे एकमेकांपासून चार पावलांवर आहेत. 1853 मध्ये बोरीबंदरहून पहिली रेल्वे ठाण्यात आली तेव्हापासून हे गाव स्थानकाभोवती वाढले, आणि ते वाढले तेव्हा बहुतेक माणसे पायीच चालत होती. माझे लहानपण याच भागात गेले. वाण्याकडून हिंग आणायला, पोस्टात पत्र टाकायला आणि संध्याकाळी तलावपाळीवर, असे आमचे दिवसाला तीन-चार फेरे होत आणि त्याला कोणी व्यायाम म्हणत नसे.

घोडबंदर रस्त्यालगतच्या संकुलांत चित्र उलटे आहे. आत जॉगिंग ट्रॅक, व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव सारे काही असते, परंतु दहा-बारा इमारतींना मिळून एकच फाटक आणि सभोवती उंच कुंपणभिंत असते. समजा औषधाचे दुकान भिंतीपलीकडे दीडशे मीटरवर आहे, तर फाटकापर्यंत जाऊन, वळसा घालून, सेवा रस्त्याच्या कडेने तेथे पोहोचेपर्यंत पाऊण किलोमीटर होते, आणि त्या सेवा रस्त्यावर मोटारी, टँकर आणि उलट दिशेने येणाऱ्या दुचाकी असतात. अशा ठिकाणी रहिवासी आळशी झाले असे म्हणणे अन्यायाचे आहे. ज्यांच्या गृहसंस्थेला मागच्या बाजूला रस्ता लाभला असेल त्यांनी तेथे पादचाऱ्यांसाठी लहान फाटक उघडण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत अवश्य मांडावा. सुरक्षेची शंका स्वाभाविक आहे, पण सकाळी सहा ते रात्री दहा एवढा वेळ उघडे राहणारे फाटक आणि तेथे एक पहारेकरी, एवढ्याने ती बहुतांशी मिटते. माझ्या मते कोणत्याही गृहसंस्थेला आरोग्यासाठी याहून स्वस्त गुंतवणूक करता येणार नाही.

चांगला फूटपाथ कसा ओळखावा?

रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निवासी भागात किमान 1.8 मीटर रुंदी चालण्यासाठी मोकळी हवी, व्यापारी भागात 2.5 मीटर हवी आणि फूटपाथची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. यात ‘मोकळी’ हा शब्द मोलाचा आहे. तीन मीटरच्या फूटपाथवर विजेची पेटी, जाहिरातीचा खांब आणि झाडाचा ओटा असेल, तर मोजायचे ते उरलेले अंतर.

तरीही मोजपट्टीपेक्षा एक सोपी कसोटी मी सुचवेन. दोन माणसे गप्पा मारत शेजारी-शेजारी चालत असताना समोरून तिसरे माणूस आले, तर कोणाला रस्त्यावर उतरावे लागते का ते पाहावे. मग लहान मुलाची ढकलगाडी किंवा चाकांची खुर्ची घेऊन तेवढाच भाग पार करावा. प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी फूटपाथ खाली उतरून पुन्हा वर चढत असेल, पेव्हर ब्लॉक उचकटलेले असतील किंवा गटाराचे झाकण डगमगत असेल, तर तो फूटपाथ कागदावर असला तरी वापरता येत नाही. माझ्या आईचे मनगट अशाच एका डगमगत्या झाकणावरून पडून मोडले. हाड तीन महिन्यांत सांधले, पण एकटीने बाजारात जाणे तिने त्या दिवसापासून सोडले, आणि त्यापुढच्या दोन वर्षांत तिचे गुडघे जितके खालावले तितके आधीच्या दहा वर्षांत खालावले नव्हते.

रस्ता ओलांडण्यासाठी पादचारी पूल बांधणे हाच सुरक्षित उपाय नाही का?

महामार्गावर आणि रेल्वेमार्गावर पूल किंवा भुयारी मार्ग आवश्यकच आहेत. वस्तीतील रस्त्यावर मात्र जमिनीच्या पातळीवरून, सिग्नल आणि झेब्रा क्रॉसिंगच्या आधारे ओलांडता येणे हीच योग्य सोय आहे. चाळीस पायऱ्या चढून उतरणे ज्यांना जमत नाही, त्यांनाच सुरक्षित मार्गाची सर्वाधिक गरज असते.

सिग्नलची वेळ ठरवताना चालण्याचा वेग साधारण सेकंदाला 1.2 मीटर धरला जातो. 24 मीटर रुंदीचा रस्ता या वेगाने 20 सेकंदांत पार होतो. सेकंदाला 0.8 मीटर चालणाऱ्या वृद्ध व्यक्तीला मात्र 30 सेकंद लागतात, आणि हे उरलेले दहा सेकंद तिला सुटलेल्या वाहनांसमोर काढावे लागतात. मध्ये थांबायला रुंद दुभाजक असणे म्हणूनच गरजेचे आहे.

वाहनांचा वेग हा तर जिवाचाच प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. 2022 मध्ये भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली आणि त्यांपैकी 32,825 पादचारी होते. ज्या रस्त्यावर माणसाला जिवाची भीती वाटते तेथे त्याला ‘चाला, प्रकृती सुधारेल’ असे सांगण्याचा आपल्याला अधिकार उरत नाही.

फेरीवाल्यांमुळे फूटपाथ अडतात. त्यांना हटवले तर चालणे सोपे होईल का?

काही ठिकाणी वाट खरोखरच अडते आणि तेथे शिस्त लागलीच पाहिजे. परंतु फेरीवाला हेही चालण्याचे एक निमित्त आहे हे विसरू नये. स्थानकावरून येताना कोथिंबीर आणि फुलांची पुडी घेता येते म्हणून अनेकजण रिक्षाऐवजी पायी येतात. रात्री नऊ वाजता भेळवाल्याचा दिवा असलेला कोपरा सुनसान कोपऱ्यापेक्षा अधिक सुरक्षितही वाटतो. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात नगर पथविक्रेता समिती आणि विक्रीच्या जागांची आखणी यांची तरतूद आहे. आधी चालण्याची 1.8 मीटर वाट मोकळी ठेवून उरलेल्या जागेत विक्रेत्यांना पट्टे आखून देणे, हा मार्ग त्या कायद्याला धरूनच आहे. फूटपाथवर उभ्या केलेल्या दुचाकी आणि मोटारी यांना मात्र असे कोणतेही समर्थन नाही. वाहनचालनाच्या 2017 च्या विनियमांनुसार त्यास मनाई आहे.

ज्येष्ठ नागरिकांनी कोणती काळजी घ्यावी?

पडण्याच्या भीतीने चालणे सोडू नये, कारण चालणे सोडल्याने स्नायू आणि तोल दोन्ही ढासळतात आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. घसरत नाही अशा तळाचे पादत्राण वापरावे, दुहेरी भिंगाचा चष्मा असल्यास पायऱ्या उतरताना विशेष जपावे, आणि छातीत दुखणे, धाप किंवा चालताना पोटऱ्यांत गोळे येणे असे काही जाणवल्यास डॉक्टरांना दाखवावे. रस्त्यात थोड्या-थोड्या अंतरावर पाठीला टेका देणारे बाक हवेत. बसायला जागा मिळेल याची खात्री असली की माणूस दुप्पट लांब जातो.

मुलांना शाळेत पायी पाठवावे का?

5 ते 17 वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटे हालचालीची गरज असते. शाळा किलोमीटरभराच्या आत असेल तर शेजारच्या सहा-सात मुलांनी एकत्र चालावे आणि पालकांनी आळीपाळीने सोबत जावे. शाळेच्या दारात मोटारींची जी कोंडी होते, तीही यामुळे कमी होते.

स्त्रियांना रात्री चालणे सुरक्षित वाटावे यासाठी काय लागते?

दिवे लागतात, पण ते फूटपाथवर प्रकाश टाकणारे हवेत. रस्त्याच्या मध्यावर उंच खांब आणि फूटपाथवर झाडाची दाट सावली, अशी स्थिती अनेक रस्त्यांवर आढळते. त्याहून अधिक लागते ती माणसांची चाहूल. लांबच लांब कुंपणभिंतीच्या कडेने चालताना मदतीला येणारे कोणीच नसते, तर दुकाने, खिडक्या आणि जाळीचे कुंपण असलेल्या रस्त्यावर कोणी तरी पाहत असते. गृहसंस्थेची भिंत पुन्हा बांधायची वेळ आली तर खाली दोन फूट बांधकाम आणि वर जाळी असा पर्याय निवडावा.

पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात चालायचे कसे?

येथे वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. पावसाळी वाहिनीवरच फूटपाथ असल्याने झाकण नीट नसेल तर धोका मोठा असतो, म्हणून साचलेल्या पाण्यातून अंदाजाने पाऊल टाकू नये. अशा पाण्यातून चालावेच लागले आणि पायाला जखम असेल, तर लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराच्या प्रतिबंधासाठी 24 ते 72 तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मुसळधार दिवसांत सोसायटीचा पोडियम, इमारतीचा जिना किंवा स्थानकाचा लांब फलाट यांचा आधार घेता येतो.

उन्हाळ्यावर झाडासारखा दुसरा उपाय नाही. एप्रिल-मेच्या दुपारी माणूस सावलीच्या बाजूने चालतो आणि सावली संपली की रिक्षा शोधतो.

वाहनांच्या धुरात चालणे अपायकारक नाही का?

वर्दळीच्या रस्त्यालगत प्रदूषण सर्वाधिक असते आणि शे-दोनशे मीटर आत गेल्यावर ते बरेच घटते. म्हणून शक्य तेथे मुख्य रस्त्याऐवजी समांतर आतला रस्ता धरावा. हिवाळ्यात पहाटे हवा जमिनीलगत कोंडते, त्यामुळे दम्याच्या रुग्णांनी ऊन पडल्यावर बाहेर पडणे बरे. सर्वसाधारण निरोगी व्यक्तीसाठी मात्र न चालण्याचे नुकसान रोजच्या अर्ध्या तासाच्या धुरापेक्षा मोठे आहे.

फूटपाथ नादुरुस्त असेल तर दाद कोठे मागावी?

सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये स्पष्ट केले की वापरण्याजोगे फूटपाथ मिळणे हा संविधानाच्या कलम 21 खालील जगण्याच्या अधिकाराचा भाग आहे. त्यामुळे आपण मागत असलेली गोष्ट ही मेहेरबानी नव्हे. ठाण्यात प्रभाग समितीच्या आणि नवी मुंबईत विभाग कार्यालयाच्या पातळीवर तक्रार द्यावी. उत्तर न मिळाल्यास आपले सरकार पोर्टल आणि लोकशाही दिन हे मार्ग आहेत, आणि कामाची निविदा व मुदत जाणून घेण्यासाठी 2005 चा माहिती अधिकार कायदा आहे.

तक्रार ‘आमच्या भागात फूटपाथ खराब आहेत’ अशी मोघम लिहू नये. कोणत्या इमारतीपासून कोणत्या दुकानापर्यंत, किती पावलांचा भाग, त्यात किती झाकणे सैल, किती ठिकाणी रुंदी 1.8 मीटरपेक्षा कमी आणि ती कशामुळे, हे लिहून सोबत छायाचित्रे जोडावीत. हे टिपण एकट्याने न करता इमारतीतील एक वृद्ध, एक शाळकरी मूल आणि ढकलगाडी असलेली एक आई यांना घेऊन करावे, म्हणजे धडधाकट माणसाच्या नजरेतून सुटणारे अडथळे त्यात येतील. तक्रार दिल्यानंतर तिचा क्रमांक सोसायटीच्या सूचना फलकावर लावावा आणि दर पंधरा दिवसांनी त्याखाली तारीख घालून स्थिती लिहावी.